स्वतःचा आवाज नसलेला रेडिओ

ज्या रेडिओला स्वतःचा आवाज नाही त्याला घरात का ठेवायचं, हे मला अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, सांगायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, भाऊजी, हा रेडिओ नाही, ट्यूनर आहे. मी देवाला दगड म्हटलं असावं अशा सुरात म्हणाला. ट्यूनर फक्त हवेतलं स्टेशन पकडतो. ते मोठ्याने ऐकायचं असेल तर त्याच्या बाजूला अॅम्प्लिफायर लागतो आणि अॅम्प्लिफायरला दोन स्पीकर लागतात. म्हणजे एकाने ऐकायचं, दुसऱ्याने ओरडायचं आणि दोघांनी कोपरे अडवून बसायचं. सरकारी कार्यालयाचा कारभार याहून वेगळा नसतो.

मी चाळीस वर्षं राइस मिलमध्ये फिटर होतो. यंत्राला मी भीत नाही आणि यंत्राला पाहून माझं तोंडही उघडं राहत नाही. एलिव्हेटरचं बेअरिंग कोरडं पडलं की मला डबा खाताना आवाजावरून कळायचं, कुठल्या मजल्यावरचं आहे तेही कळायचं. मालक इंजिनिअर बोलवायचे, तो वहीत काहीबाही लिहायचा, आणि शेवटी मी सांगितलेलंच बेअरिंग निघायचं. तेव्हा आवाजातलं मला काय कळतं हे मेहुण्यासारख्या नागपूरच्या माणसाने मला शिकवू नये, असं माझं मत होतं.

पण हे सगळं आमच्या पोरीमुळे सुरू झालं, म्हणून आधी तिचं सांगतो. तिने एम.ए. केलं. तलाठ्याची परीक्षा दे म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. पुस्तकं आणून दिली होती. ती पुस्तकं कपाटात राहिली आणि पोरगी सालेकशाकडे एका संस्थेच्या लहानशा रेडिओ स्टेशनवर कामाला लागली. आसपासच्या गावांसाठी चालणारं स्टेशन. धानावरच्या किडीचं सांगायचं, लसीकरणाचं सांगायचं, मध्ये एखादं गाणं. मी म्हणालो, एवढं शिकून तोंडाची वाफ दवडायला चालली. हे मी बायकोला म्हणालो, पण पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं, बॅग भरली आणि गेली.

बायकोला पोरीचं स्टेशन ऐकायचं होतं. स्टेशन लहान, त्याचा पल्ला लहान, आणि आम्ही राहतो गोंदियाला लागून कुडव्यात. मोबाईलवर ते वाजायची सोय त्यांच्याकडे नव्हती. माझ्याकडे एक खिशातला रेडिओ आहे, मिलमधल्या दुपारच्या सुटीत वाजवायचो तो. झाकणाला रबर लावलंय, बाकी ठणठणीत. बायकोने तो घेऊन घराचा प्रत्येक कोपरा, अंगण, गच्ची सगळं पालथं घातलं. नुसती खरखर. मग तिने भावाला फोन लावला आणि माझ्या घरावर ट्यूनर येऊन पडला.

मेहुणा इथलाच, कामठ्याचा. लहानपणी गुडघाभर चिखलात रोवणी करून मोठा झालेला माणूस, पण बँकेत अधिकारी झाला, नागपूरला राहिला आणि त्याचे कान एकदम नाजूक झाले. साध्या रेडिओने त्याचं डोकं दुखायचं. आता तो मुलाकडे पुण्याला फ्लॅटमध्ये जाणार होता आणि तिथे सुनेने या सामानाला जागा नाही म्हणून सांगितलं होतं. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, बायकोला भावजयीकडून कळलं. आम्हाला मात्र त्याने अशा थाटात सांगितलं की भाचीसाठी जिवाचा तुकडा देतोय.

गाडीतून त्याने ती पेटी स्वतः उतरवली, दुलईत गुंडाळलेली. मला हात लावू दिला नाही. ज्या माणसाने आयुष्यात दोन-दोन मणांचे पट्टे-पुल्या उचलल्या त्याला म्हणतो, हळू हं भाऊजी, राहू द्या. टेबलावर ठेवून दुलई काढली, अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर मागून उतरवले. पुढून बोटभर जाडीचा चांदीच्या रंगाचा पत्रा, दोन्ही बाजूंना पॉलिश केलेल्या लाकडाच्या फळ्या. मी फळीवर टिचकी मारली. म्हटलं, हिच्याने स्टेशन चांगलं लागते का? तो म्हणाला, नाही, ती दिसायला आहे. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो असा.

मग त्याने एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. लांबलचक पट्टीमागे दिवा लागला आणि आकडे उजळले. दोन काटे होते. एक काटा स्टेशन किती जोरात येतंय ते दाखवायचा आणि दुसरा ते अगदी मधोमध लागलंय की नाही ते दाखवायचा. मी विचारलं, कानाला कळत नाही का? तो म्हणाला, कान चुकतो. चाळीस वर्षं माझा कान चुकला नव्हता, पण पाहुणा होता म्हणून गप्प बसलो. एक लाल दिवा होता, तो स्टिरिओ आला की लागायचा. एक बटण होतं रुंद आणि अरुंद असं. दोन स्टेशनं अगदी खेटून असली तर अरुंद करायचं, म्हणजे एकाची दुसऱ्यात लुडबुड होत नाही. आमच्याकडे पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून दोन-तीन स्टेशनं. एवढ्या मोकळ्या वावरात कोण कुणाला खेटणार होतं? आणि एक बटण होतं गप्प बसायचं. स्टेशन कमजोर असलं की ते दाबून ठेवायचं, म्हणजे खरखरही येत नाही, पूर्ण शांतता. बायको म्हणाली, ह्या बटनाची आपल्या घरी आधीपासून गरज होती, आणि माझ्याकडे पाहून हसली.

एकच गोष्ट मला आवडली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. स्टेशन फिरवायच्या मोठ्या गोल बटणामागे आत पितळेचं जड चाक होतं. बोटाने एक झटका दिला की काटा सरसर पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन हळूच थांबायचा. कुठेही अडकणं नाही, लटपट नाही. फ्लायव्हील कसं बसवावं हे बनवणाऱ्याला कळत होतं. मेहुणा चहाला गेला तेव्हा मी तो झटका सात-आठ वेळा देऊन पाहिला.

त्याचं ऐकणं मात्र पाहवत नव्हतं. स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवून डोळे मिटून बसायचा. बाजारभाव चालले होते. तुरीचे भाव ऐकताना या माणसाच्या चेहऱ्यावर समाधी लागलेली. मला म्हणाला, भाऊजी, निवेदकाच्या मागे पंखा फिरतोय, ऐकू येतोय का? मी म्हटलं, आमच्याही डोक्यावर फिरतोय, त्याला एवढी पेटी नाही लागत.

अँटिना मात्र मी लावला. तो म्हणत होता नागपूरहून माणूस बोलवू. मी दोन इंची पाइप आणला, गच्चीवर क्लॅम्प मारले, अॅल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा वर चढवला आणि त्याचं तोंड सालेकशाकडे केलं. खाली बायको काटा पाहत होती आणि वरून मी हाताने सूतसूत फिरवत होतो. काटा उभा झाला. गप्प बसायचं बटण सोडलं आणि खोलीत एक बाई रोपवाटिकेबद्दल बोलू लागली. आमची पोरगी नव्हे, तिच्याबरोबरची कुणीतरी. पण स्टेशन तेच. बायकोने पदर तोंडाला लावला. मेहुणा मला म्हणाला, मानलं भाऊजी. मी म्हटलं, हे पाइपाने केलं, तुझ्या भंगाराने नाही.

तो गेल्यावरही महिनाभर त्या पेटीला मी भंगारच म्हणत होतो. पेटीवर पेपर ठेवायचो, चष्मा ठेवायचो. कुणी शेजारी आला तर सांगायचो की हे आमच्या साळ्याचं भंगार, पुण्यात जागा नाही म्हणून आमच्याकडे फेकलं. बायको पेटी पुसायची, माझा चष्मा उचलून बाजूला ठेवायची आणि रोज सकाळी ऐकायची. पोरगी अजून माइकवर आली नव्हती. ती आत कागद लिहायची, फोन घ्यायची.

माघ पौर्णिमेच्या आधी पोरीचा फोन आला. कचारगडला गोंड लोकांची मोठी यात्रा भरते, तिथून त्यांचं स्टेशन थेट बोलणार होतं. डोंगराच्या पायथ्याशी मंडप टाकून लोकांना सांगायचं की पाणी कुठे आहे, कोणती वाट बंद आहे, कोण हरवलं आहे. गोंडीत बोलायला तिची मैत्रीण आणि मराठी-हिंदीत बोलायला ती. सकाळी नऊ ते अकरा. पहिल्यांदाच. नंतर कुठे साठवून ठेवणार नव्हते, जे बोललं ते गेलं. तिने आईला सांगितलं, मला नाही. बायकोने शेजारच्या दोन बायकांना बोलावणं धाडलं, आलुबोंड्यांचं सामान आणलं आणि पेटीवरचा माझा पेपर काढून सरळ चुलीजवळ नेऊन ठेवला.

आता मी काय केलं ते सांगतो. आमच्या मिलमध्ये एक नियम होता. मोठं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळी यंत्रं उघडायची आणि एकूण एक नट, बोल्ट, स्क्रू आवळायचा. यंत्र थरथरतं, थरथरलं की ढिलं होतं, आणि ढिलं राहिलं की ऐन हंगामात दगा देतं. हा नियम मी चाळीस वर्षं पाळला आणि माझ्या पाळीत मिल कधी बंद पडली नाही. यात्रेच्या आदल्या दुपारी बायको बाजारात गेली होती. मला वाटलं, पोरगी उद्या पहिल्यांदा बोलणार, आपण तिच्यासाठी एवढं तरी करावं. तोंडाने चांगलं बोलणं मला जमत नाही. हाताने जे जमतं ते करू.

पेचकस घेऊन मी झाकण काढलं. आत लहान लहान पत्र्याच्या चौकोनी डब्या, प्रत्येकीच्या डोक्याला भोक, भोकात रंगीत स्क्रू. आणि एकही स्क्रू पुरता आवळलेला नाही. एक अर्धा वर, एक पाव वर, एक जवळजवळ बाहेर. मला मनापासून हसू आलं. एवढा गाजावाजा, लाकडाच्या फळ्या, दोन-दोन काटे, आणि आत एका माणसाने धड काम पूर्ण केलेलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी एकेक स्क्रू तळापर्यंत आवळला. एक जरा कुरकुरला आणि कट्ट असा आवाज झाला. मी समजलो, बसला जागेवर. झाकण लावलं, फडक्याने पुसलं आणि माझं काम झालं म्हणून चहा करून प्यालो. चालू करून पाहायची मला गरजही वाटली नाही.

सकाळी नऊला शेजारणी येऊन बसल्या. बायको नवी साडी नेसून खुर्ची ओढून बसली होती, अगदी तिचा भाऊ बसायचा तशी. तिने बटण दाबलं. पट्टी उजळली. काटा जागचा हलला नाही. गप्प बसायचं बटण सोडलं तर नुसती सूं. मी पुढे होऊन ते गोल बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गावातलं रोजचं स्टेशन भलत्याच आकड्यावर सापडलं आणि तेही नाक दाबून बोलल्यासारखं फाटकं. सालेकशाचा पत्ता नाही. मी गच्चीवर जाऊन अँटिना पाहून आलो, तो होता तसाच. एक शेजारीण म्हणाली, "लाइन का कुछ होगा, भाभी, रुको थोडा." बायको रुकायला तयार नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी सांगितलं. काल झाकण उघडलं आणि स्क्रू आवळले म्हणून सांगितलं. मिलचा नियम सांगितला. तिने भावाला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी त्याला सगळं सांगितलं. मग अगदी हळू म्हणाला, भाऊजी, ते स्क्रू आवळायचे नसतात. कारखान्यात यंत्र लावून एकेकाची जागा ठरवतात, आणि ती जागा गेली की घरी कुणाला परत आणता येत नाही. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडलाही नाही.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुमी मुद्दामून केलं."

मी म्हणालो की पोरीसाठीच केलं. शेजारणी आलुबोंड्यांकडे पाहत होत्या.

"महिनाभर भंगार म्हनून राहिले ना तुमी त्याले? भंगाराचे इस्क्रू कोन कसते?"

मी स्वतः मिलमध्ये हेच म्हणत आलो होतो की माणूस ज्या यंत्राला मानतो त्याचीच निगा करतो. खिशातला रेडिओ घेतला, गाडीची किल्ली घेतली आणि तिला म्हणालो, चल, आमगावच्या पुढे गेलो की ह्याच्यावर लागेल, अजून दीड तास आहे. ती उठली नाही. म्हणाली, तुमच्या मागं बसून मले कुठंच नाई जायचं. मी दारात दोनदा हाक मारली. मग एकटाच निघालो.

आमगाव गेलं. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून मी रेडिओ कानाला लावत होतो. एका लाखोरीच्या शेताजवळ खरखरीतून माणसाचा आवाज वर आला. आणखी पुढे गेलो आणि गाडी बंद केली. पोरगी बोलत होती. एका म्हाताऱ्याची काठी सापडली आहे, मंडपात ठेवली आहे, मुठीला निळी चिंधी बांधली आहे, ज्यांची असेल त्यांनी घाई करू नये, काठी कुठे पळत नाही. कुणीतरी मागे हसलं. मग ती पाण्याच्या टाकीचं सांगू लागली. दरेकशाकडून येणाऱ्यांनी कुठे थांबावं ते सांगितलं. तिच्या बोलण्यात कागद नव्हता. रस्त्यावरून यात्रेच्या गाड्या जात होत्या, एक-दोघांनी मला विचारलं, काका, गाडी बंद पडली का? मी हाताने जा म्हटलं. अकरा वाजेपर्यंत मी तिथे उन्हात उभा होतो. ज्या कामाला मी तोंडाची वाफ म्हणालो होतो ते ऐकायला दीड लिटर पेट्रोल जाळून आलेला, डोक्यावर टोपी नसलेला म्हातारा. मेहुण्याच्या समाधीला हसणारा माणूस. डोळे मीही मिटले होते, हे कबूल करतो.

घरी आलो तेव्हा शेजारणी गेल्या होत्या. आलुबोंडे झाकून ठेवले होते. मी बायकोला ऐकलं म्हणून सांगितलं, तिने मान वर केली नाही. दोनच्या सुमाराला पोरीचा फोन आला. बायकोने घेतला आणि मी तोंड वासून पाहतच राहिलो. ती हसून बोलत होती. हो, आईकलं ना, सारं आईकलं, शेजारच्या बायाही आल्या होत्या, लई साजरी बोलली तू. एक शब्द माझ्याबद्दल नाही, पेटीबद्दल नाही. पोरीने तिकडून बाबांचं विचारलं असावं. बायकोने फोन माझ्यासमोर धरला.

मला चांगलं काहीतरी बोलायचं होतं. रस्ताभर मी जुळवूनही आणलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "पाण्याची टाकी तू आधी डाव्या हाताला म्हणाली, मग उजव्या हाताला म्हणाली. लोकांनी जावं कुठं?"

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, तुमी खरंच आईकलं?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, टाकीचं चुकलंच, नंतर सुधारून सांगितलं. मग म्हणाली, मले वाटलं होतं तुमी आईले बटन बी दाबू देनार नाई. मी फोन बायकोला परत दिला.

पेटी अजून तिथेच आहे. मेहुणा म्हणाला होता पुण्याला पाठवा, पाहू, पण कट्ट झालेली ती डबी आतून फुटली आहे आणि तसा माणूस आता मिळत नाही. पोरगी पुढे आणखी बोलली, बायको तिच्याकडे जाऊन दोनदा ऐकूनही आली. पण ते पहिलं नव्हे. मी मुद्दाम केलं नाही हे मी तिला कितीदा सांगितलं, ती ऐकून घेते. मला कुणी येऊन अशी गोष्ट सांगितली असती तर मीही मानली नसती. पोरीला अजून वाटतं की त्या दिवशी आईने सगळं ऐकलं.

त्या संध्याकाळी भांडी लावताना बायकोने मला एकच विचारलं होतं, आवाज कसा होता तिचा? मी चाळीस वर्षं आवाजावरून यंत्र ओळखणारा माणूस. मी म्हणालो, स्वच्छ होता, खरखर नव्हती. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा विचारलं, आणि मधूनच अजूनही विचारते. मी दर वेळी तेवढंच सांगतो.